मिश्र संगणक-जाळ्यातील जुन्या नामसेवा : त्या बंद करण्याचा क्रम

कळवणसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयाचे संगणक-जाळे सहसा एकाच वेळी आखून उभे राहत नाही. ते निधीच्या हप्त्यांनी वाढते. कार्यालयात विंडोज, प्रयोगशाळेत लिनक्स, कोपऱ्यात जुने झेरॉक्स यंत्र आणि सर्वांना फायली पुरविणारा सांबा सर्व्हर, असे त्याचे मिश्र स्वरूप असते.

अशा जाळ्यात संगणकांनी परस्परांस नावाने ओळखण्याची जुनी पद्धती म्हणजे १९८३ साली आयबीएमच्या संगणकांसाठी तयार झालेली नेटबायॉस होय. नाव शोधणारा संगणक साऱ्या जाळ्यास हाक देतो. ज्याचे नाव, तो उत्तर देतो. उत्तर देणारा खरा की तोतया, हे पडताळण्याची सोय मात्र तीत नाही. लिपिकाचा संगणक तोतयाकडे पासवर्डवरून काढलेला सांकेतिक पुरावा धाडू शकतो, त्यावरून कमकुवत पासवर्ड शोधता येतो आणि अंतर्गत गुणांच्या फायली परक्या हाती पडतात. एलएलएमएनआर या नंतरच्या पद्धतीतही हाच दोष आहे.

नेटबायॉस बंद केल्यास फायलींची देवाणघेवाणच थांबेल, ही समजूत चुकीची आहे. विंडोज २००० पासून ती थेट ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून होऊ शकते. जाते ती केवळ संगणकांची आपोआप दिसणारी यादी. ती यादी तरी कितपत विश्वसनीय होती? भारनियमनात अचानक बंद पडलेल्या संगणकाचे नाव तीत ५१ मिनिटांपर्यंत टिकू शकत असे!

खरा प्रश्न क्रमाचा आहे. प्रथम स्थानिक डीएनएसमध्ये प्रत्येक सर्व्हरची नोंद करावी, डीएचसीपीद्वारे त्या डीएनएसचा पत्ता सर्व संगणकांस द्यावा आणि जुने शॉर्टकट पूर्ण नावाने पुन्हा करावेत. त्यानंतर १३७ व १३९ या पोर्टांवर कोण येते, याची सर्व्हरवर नोंद ठेवावी. हे निरीक्षण परीक्षेच्या काळातही व्हावे, कारण काही यंत्रे सत्रातून एकदाच चालू होतात. विंडोज ९८ चा संगणक १३९ शिवाय फायलींपर्यंत पोहोचू शकत नाही. काही जुन्या स्कॅनरांचेही तसेच. त्यांची पर्यायी व्यवस्था आधी करणे इष्ट.

मग सांबात 'डिसेबल नेटबायॉस' हा पर्याय लागू करून एनएमबीडी ही सेवा थांबवावी. विंडोजमध्ये नेटबायॉस प्रत्येक जोडणीच्या मांडणीत बंद होते. एलएलएमएनआर मात्र ग्रुप पॉलिसीतून वेगळे बंद करावे लागते, आणि नेमके हेच पुष्कळदा राहून जाते. यादी हवीच असल्यास लिनक्स सर्व्हरवर डब्ल्यूएसडीडी हा छोटा प्रोग्राम बसवावा. नव्या विंडोजच्या 'नेटवर्क' खिडकीत सर्व्हर त्यामुळे पुन्हा दिसतो.