ई-मेलची विस्कटलेली खतावणी

आमच्या परिचयाच्या एका कचेरींत घडलेली ही गोष्ट आहे. एके सायंकाळीं वीज अकस्मात् गेली आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं तेथील ई-मेलचा सर्व्हर सुरू होईना. लोकांचीं कामें अडूं नयेत ह्या चांगल्या हेतूनें तेथील कारकुनानें सर्व्हरावर सक्तीच्या दुरुस्तीची आज्ञा तत्काळ चालविली. सर्व्हर सुरू झाला खरा. पण कित्येक पत्रें कायमचीं नाहींशीं झालीं. त्यांत शिष्यवृत्तीचे कांहीं अर्ज होते. ते पालकांस पुनः पाठवावे लागले, आणि तोंवर मुदत टळून गेली होती. कारकुनाच्या ठायीं कळकळ उणी नव्हती. त्याचा क्रम चुकला. तो क्रम कोणता, हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सर्व्हराची पत्रें ठेवण्याची रीति आपल्या पेठेंतील दुकानदाराच्या रीतीहून फारशी निराळी नाहीं. दुकानदार दिवसाचे व्यवहार घडतील तसे रोजकीर्दींत टिपतो, आणि मग सवडीनें ते खतावणींत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवितो. सर्व्हरही आलेलें पत्र प्रथम रोजकीर्दींत टिपतो. तिला लॉग म्हणतात. मागाहून तें खतावणींत, म्हणजे डेटाबेसांत, चढतें. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज ह्या प्रसिद्ध सर्व्हराच्या 2010 व त्यापुढील आवृत्त्यांत खतावणीचें पान 32 किलोबाइटांचें आणि लॉगची एकेक वही 1 मेगाबाइटची असते. पानावरील मजकुराचा ताळा पाहण्यासाठीं त्यावर चेकसम नांवाचा एक आंकडा लिहिलेला असतो. ताळा जुळला नाहीं, कीं पान बिघडलें असें यंत्र ओळखतें.

आतां नोंदी चढवितां चढवितां वीज गेली, तर खतावणी अर्धवट राहते. पण रोजकीर्द बहुधा शाबूत असते. सर्व उपाय ह्यावरच उभारलेले आहेत. प्रथम सर्व्हर थांबवून खतावणी व सर्व लॉग ह्यांची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, आणि पुढील सर्व प्रयत्न त्या प्रतीवर करावे. नंतर लॉगांतील राहिलेल्या नोंदी खतावणींत चढवाव्या. पुष्कळदां एवढ्यानेंच काम भागतें व एकही पत्र जात नाहीं. खतावणीचीं पानेंच बिघडलीं असतील, तर पूर्वीं काढलेली राखीव प्रत आणून तीवर नंतरचे लॉग अनुक्रमानें चढवावे. मधली एक वही गहाळ झाली, तर तिच्या पुढच्या नोंदी चढवितां येत नाहींत; म्हणून डिस्कवर जागा करण्यासाठीं लॉग हातानें पुसूं नयेत. हे सर्व उपाय हरले, तरच सक्तीची दुरुस्ती करावी. ती न वाचतां येणारीं पानें टाकून देते, व त्यांवरील पत्रें गेलीं तीं गेलींच. कारकुनानें हीच शेवटची पायरी पहिली केली, आणि तीही मूळ वहीवर!

असें काम आपल्या जिल्ह्यास अगदींच अपरिचित नाहीं. प्रवरेच्या तीरीं नेवासें येथें शके 1212 मध्यें, म्हणजे इ. स. 1290 मध्यें, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. पुढें नकलेवरून नकला होतां होतां तींत अपपाठ शिरले. सुमारें तीनशें वर्षांनीं, शके 1506 मध्यें, पैठणच्या एकनाथांनीं ती शोधून शुद्ध केली, आणि कोणीं तींत पदरची ओवी घालूं नये असें बजावून ठेविलें. दुरुस्ती करणाऱ्यानें जें मूळचें तेंच परत द्यावें, आपलें कांहीं मिसळूं नये, हा धडा यंत्राच्या कामींही तितकाच लागू आहे.

प्रती पुष्कळ असून भागत नाहीं. त्या अलग असाव्या लागतात. फेब्रुवारी 2011 मध्यें गूगलच्या जीमेलमध्यें नव्या सॉफ्टवेअरांतील एका दोषामुळें सुमारें 0.02 टक्के लोकांच्या पेट्या रिकाम्या दिसूं लागल्या. पत्रांच्या प्रती अनेक ठिकाणीं होत्या, तरी तो दोष त्यांपैकीं कित्येकांस बाधला. चुंबकीय फितींवर निराळ्या ठेविलेल्या प्रती मात्र त्यांतून वांचल्या, व त्यांवरून तीं पत्रें परत भरण्यांत आलीं.

पालकांस आमची विनंति इतकीच, कीं दाखला, शिष्यवृत्ती, प्रवेश इत्यादिकांचीं महत्त्वाचीं पत्रें केवळ ई-मेलच्या भरंवशावर सोडूं नयेत. त्यांची एक प्रत कागदावर किंवा पेन ड्राइव्हवर निराळी ठेवावी, आणि ती नीट उघडते कीं नाहीं हें मधून मधून पाहावें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं जे पुढें अशा यंत्रांवर नेमले जातील, त्यांनीं आधीं प्रत घ्यावी आणि मगच हात लावावा. आणि इतकें करूनही जें परत आलें नाहीं, तें ज्याचें त्यास स्पष्टपणें सांगावें, म्हणजे मुदत आहे तोंवर त्यास दुसरा अर्ज तरी करतां येईल.