टाकीतले यीस्ट

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा शौचालयाचे पाणी जाता जात नव्हते. शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून आई वर्षभर दर महिन्याला बेकरीचे यीस्ट गुळाच्या पाण्यात भिजवून ओतत होती. "यीस्ट घाण खातं, वहिनी. टाकी उपसायला नको," असे काका म्हणाले होते. म्हणून टाकी उपसणे राहूनच गेले आणि शेवटी ती तुंबली.

साफसफाईला आलेला माणूस झाकण काढून बादली घेऊन आत उतरू लागला. बाबांनी त्याचा दंड धरून त्याला मागे ओढले आणि उपसणारी गाडी बोलावली.

शाळेत परतल्यावर जीवशास्त्राच्या सरांना विचारले, "सर, यीस्टने काम का केले नाही?"

सरांनी फळ्यावर टाकी काढली. जड मैला तळाशी बसतो, तेल-तूप सायीसारखे वर तरंगते आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. मैला कुजवण्याचे मुख्य काम हवेशिवाय जगणारे जिवाणू करतात. ते आपल्याच आतड्यांतून रोज टाकीत पोहोचतात. विकत आणावे लागत नाहीत. यीस्टचे खाणे मुख्यतः साखर. तेल-तूप आणि कागद त्याला पचत नाहीत. आमच्या यीस्टने गूळ खाल्ला आणि कार्बन डायऑक्साइड सोडला, एवढेच! चमचाभराने फारसे बिघडत नाही. पण टाकीत वायू फार झाला तर बसलेला गाळ ढवळतो, पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो आणि तिथली माती बुजवतो.

"मग सियाचीनमध्ये जिवाणू मुद्दाम का टाकतात?" मी विचारले.

तिथल्या थंडीत नेहमीचे जिवाणू मंदावतात. म्हणून डीआरडीओच्या ग्वाल्हेर आणि तेजपूर येथील प्रयोगशाळांनी थंडीत टिकणारे जिवाणू निवडून बायो-डायजेस्टर तयार केले. रेल्वेच्या डब्यांतील जैवशौचालयांतही हेच तंत्र आहे. आपल्याकडच्या हवामानात टाकीतले जिवाणू आपोआप काम करतात. मात्र वाळू, केस आणि न कुजणारा गाळ त्यांनाही संपवता येत नाही. म्हणून दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावीच लागते.

बाबांनी त्या माणसाला का ओढले, हेही तेव्हा कळले. टाकीत मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण तो फार वाढला की नाकाला वासच कळेनासा होतो आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. वाचवायला उतरणाराही वर येत नाही. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे.

रविवारी फोनवर आईला सगळे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे माझा गूळ वाया गेला म्हण की!"

कॅडेट मित्रांनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा विचारा, आपली टाकी शेवटची कधी उपसली होती? मोरीत उरलेले तेल आणि शौचालयात ॲसिडची बाटलीच्या बाटली ओतू नका. आणि कोणी आत उतरू लागला, तर त्याला थांबवा.