नव्याने समजलेले भावंड : दूरचित्रवाणी मालिकेतील अभिज्ञान

शोकात्मिकेचा विचार करताना ‘अभिज्ञान’ या संकल्पनेशी आपला परिचय झाला आहे. अज्ञानाकडून ज्ञानाकडे होणारे स्थित्यंतर, आणि त्यामुळे पात्रांच्या परस्परसंबंधांत होणारी उलथापालथ, असा या संकल्पनेचा आशय अ‍ॅरिस्टॉटलने मांडला. प्रस्तुत उपघटकात हीच संकल्पना आपण एका दीर्घ दूरचित्रवाणी मालिकेला लावून पाहणार आहोत. मालिकेत एखादे अज्ञात भावंड अचानक अवतरले की सुजाण प्रेक्षक सहसा नाक मुरडतो. कथानक संपले म्हणून लेखकांनी हा माणूस आणला, असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे पुष्कळदा खरेही असते. तरीही या क्लृप्तीतून काही गंभीर साध्य होऊ शकते का, हे पाहण्यासारखे आहे.

अभ्यासासाठी आपण ‘ग्रेज अ‍ॅनॅटॉमी’ ही अमेरिकन मालिका घेऊ. शोंडा राइम्स यांनी निर्माण केलेली ही मालिका २००५च्या मार्च महिन्यात एबीसी वाहिनीवर सुरू झाली. सिअ‍ॅटल शहरातील एका मोठ्या रुग्णालयात शल्यचिकित्सेचे प्रशिक्षण घेणारे तरुण डॉक्टर हे तिचे विश्व. नायिका मेरेडिथ ग्रे हिची आई एलिस ग्रे ही नामांकित शल्यविशारद. मेरेडिथ पाच वर्षांची असताना वडील थॅचर घर सोडून गेले. मालिका सुरू होते तेव्हा एलिसला अकाली अल्झायमर झालेला आहे आणि मेरेडिथ ही गोष्ट रुग्णालयातील सहकाऱ्यांपासून लपवून ठेवते. म्हणजे पहिल्या भागापासूनच एक कौटुंबिक रहस्य कथेच्या मुळाशी आहे आणि ते जपणारी व्यक्ती स्वतः नायिका आहे.

या नायिकेला पुढे दोन बहिणींचा शोध लागतो. दोघींच्या आगमनात सात वर्षांचे अंतर आहे आणि दोन्ही प्रसंगांची जातकुळी सर्वस्वी वेगळी आहे. आपल्या विवेचनाचा भर या वेगळेपणावरच राहील.

पहिली बहीण लेक्सी. ती तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस, २००७ साली, इंटर्न म्हणून येते. प्रेक्षकाच्या दृष्टीने ही पूर्णतः आकस्मिक घटना नाही. थॅचरने दुसरा संसार थाटला, त्याला सुझन नावाची पत्नी आणि दोन मुली आहेत, हे दुसऱ्या पर्वातच कळलेले असते. धाकटी मॉली गरोदरपणात याच रुग्णालयात दाखल झालेली असते. तिसऱ्या पर्वात सुझनचा उपचारादरम्यान मृत्यू होतो आणि शोकाने बेभान झालेला थॅचर मेरेडिथला सर्वांदेखत थप्पड मारतो. या पार्श्वभूमीवर लेक्सी येते आणि आपण बहीण असल्याचे स्वतःच सांगते. मेरेडिथ तिला दीर्घकाळ दूर ठेवते.

हा दुरावा कशामुळे, याचा नीट विचार करा. लेक्सीने मेरेडिथचे काहीच बिघडवलेले नाही. ती प्रेमळ आहे, बोलकी आहे, नुकतीच आईला पारखी झालेली आहे. परंतु तिच्या बालपणाच्या आठवणींत एक बाप आहे, जो घरी येत असे, मुलींत रमत असे. थॅचरला बाप होणे जमतच नव्हते, अशी समजूत मेरेडिथने करून घेतली असेल, तर लेक्सीच्या अस्तित्वानेच ती खोटी ठरते. त्याला बाप होणे जमत होते. फक्त मेरेडिथच्या वाट्याला ते आले नाही. म्हणून तो दुरावा लेक्सी या व्यक्तीशी नसून ती ज्या गोष्टीचा पुरावा आहे तिच्याशी आहे.

सहाव्या पर्वात थॅचरचे यकृत निकामी होते. ज्या मुलीने बापाबरोबर आयुष्य काढले त्या लेक्सीचे यकृत त्याला जुळत नाही. ज्या मुलीला तो सोडून गेला तिचे जुळते. मेरेडिथ यकृताचा अंश देते, तोही थॅचरसाठी नव्हे, तर लेक्सीचे वडील वाचावेत म्हणून. नाते आणि जीवशास्त्र यांची फारकत इतक्या थोडक्यात दाखवणारा प्रसंग या मालिकेत दुसरा नसावा. रुग्णालय ही पार्श्वभूमी किती उपयुक्त आहे हेही येथे लक्षात येईल. कौटुंबिक इतिहास विचारणे हा जिथे दैनंदिन कामाचा भाग असतो, तिथे रक्ताचे नाते उघड करायला पत्र, अंगठी, जन्मखूण यांची गरज राहत नाही.

आता दुसरी बहीण. २०१४ साली दहाव्या पर्वाच्या शेवटी मॅगी पिअर्स ही हृदयशल्यविशारद ज्येष्ठ डॉक्टर रिचर्ड वेबर यांच्याशी बोलता बोलता सांगून जाते की ती दत्तक गेलेली मुलगी आहे आणि तिच्या जन्मदात्रीचे नाव एलिस ग्रे आहे. रिचर्ड आणि एलिस यांचे तरुणपणी विवाहबाह्य प्रेमसंबंध होते. हे प्रेक्षकाला आरंभापासून ठाऊक आहे. समोर उभी असलेली तरुणी आपली मुलगी आहे, हे रिचर्डला त्या क्षणी उमगते. तिला मात्र उमगत नाही. मेरेडिथला तर काहीच कळलेले नसते.

लेक्सीच्या कथेची बीजे आधी पेरलेली होती. मॅगीचा मात्र पहिल्या नऊ पर्वांत मागमूस नाही. तिला जुन्या कथेत नंतर घालण्यात आले. शासकीय नोकरीत असलेल्या विद्यार्थ्यांना ‘पूर्वलक्षी प्रभावाने’ हा शब्दप्रयोग परिचयाचा असेल : आदेश आज निघतो, परंतु अंमल मागील तारखेपासून धरला जातो. मालिकेचे लेखक हेच करतात, फक्त थकबाकी पात्रांकडून वसूल होते. अशा दुरुस्तीचा कस एकाच प्रश्नावर लागतो : जुन्या कथेत त्या घटनेला जागा होती का?

येथे ती होती, असे माझे मत आहे. चौथ्या पर्वात मेरेडिथ मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते तेव्हा बालपणीची एक आठवण वर येते. आईने स्वयंपाकघरात मनगटे कापून घेतली होती आणि छोट्या मेरेडिथने ते पाहिले होते. त्या पर्वाच्या अखेरीस मेरेडिथ या आठवणीचा अर्थ लावते : एवढी निष्णात शल्यविशारद, तिला खरोखर मरायचे असते तर चूक झाली नसती, रिचर्डने परत यावे म्हणून तिने ते केले. अर्थ लागला, प्रकरण मिटले, असे प्रेक्षकालाही वाटते. अकराव्या पर्वात मात्र त्याच प्रसंगात एक नवी वस्तुस्थिती येऊन बसते : एलिस तेव्हा गरोदर होती. त्यानंतर ती मुलीला घेऊन बॉस्टनला गेली आणि तिथे जन्मलेले मूल तिने दत्तक दिले. प्रसंग तोच, घर तेच. तरी आधी लावलेला अर्थ अपुरा ठरतो. मेरेडिथ प्रथम मॅगीवर विश्वासच ठेवत नाही. पुढे आईची गरोदरावस्था आपण पाहिली होती आणि विसरलो होतो, हे तिच्या ध्यानात येते.

हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. लेक्सीने मेरेडिथच्या मनातील बाप बदलला. मॅगीने आई बदललीच, शिवाय मेरेडिथचा स्वतःच्या स्मृतीवरील विश्वासही डळमळीत केला. अल्झायमर झालेल्या आईची विस्मृती जिने वर्षानुवर्षे पाहिली, तिच्या स्वतःच्या आठवणीतून एक अख्खे भावंड गळून पडले होते. आजारी एलिस भूतकाळात वावरे, रिचर्डविषयी बोले. त्यातूनच त्यांचे प्रेमप्रकरण मेरेडिथला उलगडले. त्याच आजाराने एक रहस्य फोडले आणि दुसरे गिळले. मॅगी येते तेव्हा एलिस हयात नाही; तिसऱ्या पर्वातच तिचा मृत्यू झालेला आहे. त्यामुळे जाब विचारायला कोणी उरलेले नाही.

उरतो तो रिचर्ड. मुलीची ओळख पटल्यावरही तो मौन धरतो. ही गोष्ट पुढे मॅगीला कळते तेव्हा, तो आपला बाप आहे यापेक्षा त्याला ते ठाऊक होते आणि त्याने सांगितले नाही, हे तिला अधिक लागते. एलिसने मूल दत्तक दिले यासाठी मालिका तिला फारसे दोषी धरीत नाही. दोष येतो तो माहिती अडवून ठेवणाऱ्याकडे. मॅगीला वाढवणारे पिअर्स दांपत्यच तिचे आईवडील राहतात, आणि तेराव्या पर्वात डायान पिअर्स कर्करोगाने जाते तेव्हा मॅगीच्या दुःखात जन्मदात्रीचा प्रश्नच येत नाही.

या दोन बहिणींना मराठीत काय म्हणावे? ‘सावत्र’ हा शब्द सहज तोंडी येतो. परंतु त्याचे मूळ ‘सपत्नी’ म्हणजे सवत या शब्दाशी जोडलेले आहे. बाप एक आणि आया दोन, अशी कुटुंबरचना त्यात गृहीत आहे. लेक्सीला तो चपखल बसतो. मॅगीच्या बाबतीत आई एक आणि बाप दोन आहेत, आणि त्यासाठी आपल्या नित्याच्या बोलीत वेगळा शब्द नाही. संस्कृतातील ‘सहोदर’ हा शब्द आपण ‘सख्खा’ या अर्थाने वापरतो. त्याचा अक्षरार्थ मात्र ‘एका उदरातून जन्मलेला’ एवढाच आहे. त्या अर्थाने मॅगी मेरेडिथची सहोदरा ठरते. आईकडून आलेल्या भावंडाला भाषेने नाव दिले नाही, याचे कारण तसे भावंड बहुधा लपवलेच जात असे, असा तर्क करता येईल.

असे एक लपवलेले भावंड आपल्या परंपरेच्या केंद्रस्थानी आहेच. कर्णाला आपले जन्मरहस्य युद्धापूर्वी कळते, कृष्णाकडून आणि मग कुंतीकडून. पांडवांना ते कळते युद्ध संपल्यावर, तर्पणाच्या वेळी, जेव्हा कर्णालाही जलांजली द्या असे कुंती सांगते. तेथेही युधिष्ठिराचा संताप कन्यावस्थेतील मातृत्वावर नाही; तो गुप्ततेवर आहे. स्त्रियांच्या मनात रहस्य टिकणार नाही हा त्याचा शाप त्यातूनच येतो. (शाप सरसकट सर्व स्त्रियांना का, हा प्रश्न आपण अवश्य विचारावा.) शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मुळे कर्णाची बाजू मराठी वाचकाच्या मनात घट्ट बसली आहे. युधिष्ठिराच्या बाजूने हे अभिज्ञान कसे दिसते, याकडे त्या मानाने आपले लक्ष कमी जाते. मेरेडिथची जागा युधिष्ठिराची आहे : ज्येष्ठत्व आणि मातृप्रेम ज्याने गृहीत धरले होते, त्याला ते पुन्हा मोजावे लागते. फरक काळाचा आहे. महाभारतातील ज्ञान भाऊ मारला गेल्यावर येते, तर मालिकेतील ज्ञान बहीण जिवंत असताना, एकाच रुग्णालयात रोज समोर येत असताना येते. म्हणून तेथे विलाप आहे आणि येथे कुरबुरी, अबोला, शेवटी एका घरात राहणे आहे.

स्वयंअध्ययनासाठी : आपण वाचलेली एखादी मराठी कादंबरी वा पाहिलेली मालिका निवडा, जिच्यात अज्ञात भावंड अथवा अपत्य प्रकट होते. हे रहस्य कोणाला आधीपासून ठाऊक होते? ते प्रकट झाल्यावर कोणते जुने प्रसंग वेगळे दिसू लागतात? असा एकही प्रसंग सापडत नसेल, तर त्या पात्राचे आगमन कथानकाला आवश्यक होते का, याविषयी सुमारे १५० शब्दांत आपले मत लिहा.