मामा खेळणं आणतो तेव्हा

जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत घरी पाहुणे येतात, आणि लेकरांसाठी रिकाम्या हाताने कोणी येत नाही. दिवसभर राबून मामा भाच्याला लुकलुकणारी गाडी आणतो. ती परत ने, असं कोणत्या बहिणीच्या तोंडून निघेल? म्हणून आमचं सांगणं, बोलायचं ते आधीच, फोनवर.

बोलायचं कशाबद्दल, तर त्या गाडीतल्या सेलबद्दल. नाण्यासारखा चपटा, चकचकीत सेल. स्वस्त खेळण्याचं झाकण नखानेही निघतं, आणि रांगतं पोर सापडेल ते तोंडात घालतं. सेल अन्ननलिकेत अडकला की ओलाव्यामुळे त्यातून वीज वाहते, तिथे क्षार तयार होतो आणि आतून भाजतं. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. सेल उतरलेला असला तरी धोका टळत नाही.

मूल लाळ गाळतं, खोकतं, खात नाही. कधी काहीच दिसत नाही. नुसती शंका आली तरी एक्स-रे असलेल्या मोठ्या दवाखान्यात लगेच न्या. ओकारी काढू नका, खायला देऊ नका. मूल एक वर्षाच्या वर असेल, नीट गिळत असेल आणि घरात मध असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे द्यावा, सहा वेळांपेक्षा जास्त नाही. मध शोधण्यात मात्र वेळ घालवू नका.

आता नात्यांचं. भावाला बहिणीने सरळ म्हणावं, “दादा, गाडी आण, पण सेलचं झाकण स्क्रूने बसवलेलं बघून आण.” नणंदेला मात्र वहिनीने सांगितलं की “आमचं दिलेलं चालत नाही” असा अर्थ निघतो. तिथे मुलाच्या बापानेच बोलावं. बहीण त्याची आहे. नुसतं “नको” म्हणू नये, काय हवं तेही सांगावं: चेंडू, रंगखडू, दीक्षाभूमीवरच्या स्टॉलवरचं चित्रांचं पुस्तक.

१४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. जत्रेतल्या पाटीवर ते क्वचितच दिसतं, तरी विचारावं.

आणि सांगूनही तशीच गाडी आली तर? पाहुण्यासमोर हिसकावू नका. मुलाला मामाच्या मांडीवर बसून खेळू द्या, नजर ठेवा. पाहुणे गेले की सेल काढा आणि मुलाचा हात पोचणार नाही अशा बंद डब्यात ठेवा.