फोटोचं काम, गेमची हौस आणि गटाचं कर्ज

गटाच्या बैठकीत पूर्वी कर्जाचे अर्ज यायचे ते शेळीचे, शिलाई मशीनचे, फार तर पिठाच्या गिरणीचे. आता कॉम्प्युटरचा अर्जही येतो. कुणाची लेक लग्नाचे फोटो काढते, कुणाची सून अल्बम करून देते, आणि घरातला धाकटा म्हणतो, घेतोच आहोत तर गेम चालेल असाच घेऊ. सोबत दुकानदाराने दिलेलं कोटेशन असतं. त्यावर दहा ओळी आणि खाली एक आकडा. आपण आकडा वाचतो आणि त्या दहा ओळी तशाच सोडतो. आज आपण त्या ओळी वाचायला शिकू. हप्ते आपण फेडणार, तेव्हा कशाचे फेडतोय ते आपल्याला कळायला हवं.

आधी एक गोष्ट सांगतो. फोटोचं काम आणि गेम या दोन्हींना चांगला कॉम्प्युटर लागतो हे खरं, पण पैसा वेगवेगळ्या जागी घालावा लागतो. गेमचा सगळा भार ग्राफिक्स कार्डावर असतो. फोटोच्या कामात रंग खरा दाखवणारा पडदा, भरपूर रॅम आणि फोटो ठेवायला जागा हवी. कर्ज कमाईसाठी काढलं असेल, तर कमाईचे भाग आधी घ्यावेत आणि हौसेचं कार्ड पुढच्या वर्षी बसवावं, असं आमचं मत आहे. मात्र ते बसेल अशी सोय आजच करून ठेवायची. ती कशी ते पुढे येईलच. आणि गेम खेळणं वाईट असं आम्ही म्हणत नाही. दिवसभर राबून मुलं तासभर खेळली तर खेळोत बापडी.

आता कोटेशनची पहिली ओळ, प्रोसेसर. हे कॉम्प्युटरचं डोकं. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. दुकानात पाटी असते, 'आय ७ कॉम्प्युटर, स्वस्तात'. आपल्याला वाटतं, सात म्हणजे पाचापेक्षा मोठा. पण आय ७ च्या पुढे एक आकडा असतो, तो विचारायचा. चार आकडी असेल तर पहिला अंक, पाच आकडी असेल तर पहिले दोन अंक म्हणजे त्याची पिढी, जिला दुकानदार जनरेशन म्हणतात. आय ७ - २६०० हा दुसऱ्या पिढीचा, २०११ सालचा. आय ३ - १२१०० हा बाराव्या पिढीचा, २०२२ सालचा. नावाने धाकटा असलेला हा आय ३ त्या म्हाताऱ्या आय ७ ला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीच्या अलीकडचा प्रोसेसर लागतो, आणि जुन्या विंडोज १० ला मोफत मिळणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. म्हणजे तो स्वस्तातला आय ७ घेतला तर पहिल्या हप्त्याआधीच तो निवृत्त झालेला असतो. इंटेलने अलीकडे 'अल्ट्रा' नावाची नवी मालिका काढली आहे, तिचे आकडे वेगळे आहेत, पण प्रश्न तोच ठेवा: हा कोणत्या सालचा?

त्या आकड्याच्या शेवटी एखादं अक्षर असतं, तेही वाचा. इंटेलमध्ये शेवटी 'एफ' असेल तर त्या प्रोसेसरला पडद्यावर चित्र दाखवण्याची स्वतःची सोय नसते. वेगळं कार्ड लावलं नाही तर पडदा काळाच राहतो. एफ नसलेला, म्हणजे नुसता १२४०० घेतला, तर कार्डाविनाही काम सुरू करता येतं. एएमडी कंपनीच्या रायझन ५ - ५६०० चंही तसंच. नुसत्या ५६०० ला सोय नाही, शेवटी 'जी' असलेल्या ५६००जी ला आहे. त्यांच्या ७६०० मध्ये मात्र जी नसूनही कामापुरती सोय आहे. कार्ड पुढच्या वर्षी घ्यायचं ठरवलं असेल, तर हे एक अक्षर फार महत्त्वाचं आहे.

मदरबोर्ड म्हणजे ज्यावर बाकी सगळं बसतं ती पाटी. प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची जोडी जुळावी लागते, एकाचं दुसऱ्याला चालत नाही. त्यावर रॅमच्या खाचा किती हे विचारा. दोनऐवजी चार असतील तर पुढे वाढवता येते. रॅमचेही दोन प्रकार सध्या चालू आहेत, डीडीआर ४ आणि डीडीआर ५, आणि एकाच्या खाचेत दुसरी बसतच नाही. एएमडीचे नवे बोर्ड, ज्यांना एएम ५ म्हणतात, फक्त डीडीआर ५ घेतात. ते थोडे महाग पडतात, पण या बोर्डांवर बसणारे प्रोसेसर २०२७ पर्यंत आणि पुढेही काढत राहू असं कंपनीने जाहीर केलं आहे. पाच वर्षं यंत्र वापरायचं असेल तर याचा विचार जरूर करा.

रॅमला आपण ओटा म्हणू. ओटा लहान असला की परात ठेवायला डबा उचलावा लागतो, आणि सगळा वेळ उचला-ठेवीत जातो. कॉम्प्युटर 'अडकतो' म्हणतात तो बहुतेक वेळा इथे अडकतो. फोटोच्या कामाला १६ जीबी हवीच, अल्बमची मोठमोठी पानं करायची असतील तर ३२. एकच १६ ची पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या, काम जलद होतं. वेगळं कार्ड नसताना तर हा फरक स्पष्ट जाणवतो. रॅमचा भाव मात्र कांद्यासारखा आहे. २०२५ च्या शेवटी तो एकदम चढला, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठमोठी केंद्रं मेमरी उचलू लागली. म्हणून महिन्यापूर्वीच्या कोटेशनवर विसंबू नका, ताजं मागा.

आता साठवण. इथे आपण गणितच करू. चांगल्या कॅमेऱ्यात, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या, कच्चा फोटो साधारण २५ ते ३० एमबीचा होतो. एका लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत दोन हजार फोटो सहज होतात. म्हणजे एका लग्नाचे ५० ते ६० जीबी. सिझनमध्ये पंधरा लग्नं केली की ७५० ते ९०० जीबी झाले. ५१२ जीबीची डिस्क तुळशीच्या लग्नापासून संक्रांतीपर्यंतही पुरायची नाही. म्हणून आम्ही सुचवतो की चालू कामासाठी एनव्हीएमई प्रकारची एसएसडी घ्या, जमलं तर एक टीबीची. झालेली कामं ठेवायला साधी मोठी हार्डडिस्क चालते. ती हळू असते, साधारण सेकंदाला दीडशे एमबी देते, तर एनव्हीएमई हजारांत देते. पण कोठीतलं धान्य रोज कुठे काढायचं असतं? आणि तिसरी एक बाहेरची हार्डडिस्क, जिच्यावर प्रत्येक लग्नाची दुसरी प्रत. ती कॉम्प्युटरशेजारी न ठेवता कपाटात ठेवायची. डिस्क कधी तरी बिघडतेच, आणि गेलेल्या फोटोंसाठी कुणी लग्न पुन्हा लावत नाही. गावात त्या बाईचं नाव खराब होतं ते कायमचं. कोटेशनमध्ये ही तिसरी डिस्क कधीच नसते. ती आपण लिहायला लावायची.

पडदा, म्हणजे मॉनिटर. दुकानदार याला शेवटच्या ओळीत घालतो आणि उरलेल्या पैशात बसवतो. फोटोवालीसाठी मात्र हा पहिल्या ओळीत हवा. हळदीचा पिवळा, शालूचा हिरवा आणि नवरीच्या कातडीचा रंग, हे तीन बिघडले की अल्बम परत येतो आणि छपाईचा खर्च आपल्या अंगावर पडतो. आयपीएस प्रकारचा पडदा मागा, आणि तो एसआरजीबी रंग ९९ ते १०० टक्के दाखवतो का ते खोक्यावर वाचा. २४ इंची फुल एचडी पुरतो. २७ इंची घ्यायचा तर त्याचं रिझोल्यूशन जास्त हवं, नाहीतर बारकावे फुटतात. गेमवाली मुलं १४४ हर्ट्झ, १६५ हर्ट्झ असं मागतात. ते चित्र किती वेळा बदलतं त्याचं माप आहे, रंगाशी त्याचा संबंध नाही. मात्र हल्ली दोन्ही गुण असलेले पडदे मिळतात, तेव्हा इथे भांडण नको.

दुकानात जाताना पेनड्राइव्हमध्ये आपलाच एक फोटो न्या, चेहरा मोठा दिसणारा. तो पडद्यावर लावून समोर बसा, मग उभ्या राहा, मग बाजूला सरका. चेहरा काळवंडला किंवा पांढुरका झाला तर तो पडदा ठेवून द्या. घरी आणल्यावर उजेड कमी करायला विसरू नका. नवा पडदा फार भगभगीत लावलेला असतो. त्यावर फोटो छान दिसतो, आपण तो अजून गडद करतो आणि छापून येतो तेव्हा काळा. नेहमीच्या लॅबमधून एक फोटो छापून आणा, शेजारी धरा आणि पडद्याचा उजेड त्याच्याशी जुळवा. रंग मोजण्याचं वेगळं यंत्र मिळतं, पण सुरुवातीला एवढं पुष्कळ.

ग्राफिक्स कार्डाबद्दल थोडक्यात. मोठे गेम हवे असतील तर याला पर्याय नाही, ८ जीबी मेमरीचं कार्ड धरा. फोटोच्या नेहमीच्या कामाला, म्हणजे कापणं, रंग सुधारणं, पानं जुळवणं, याला ते नसलं तरी चालतं. अंधारातल्या फोटोचे दाणे काढणारी जी नवी स्वयंचलित सोय लाइटरूममध्ये आली आहे, ती मात्र कार्डावर चालते. चांगलं कार्ड असेल तर फोटो मिनिटाच्या आत होतो, नसेल तर एकेका फोटोला कित्येक मिनिटं लागतात. ज्यांची कामं रात्रीच्या वरातीची जास्त, त्यांना कार्ड कमाईचंच ठरेल. प्रत्येकीने आपलं काम पाहून ठरवावं.

पैशाची वाटणी आम्ही अशी करू. यूपीएस आणि डिस्कच्या प्रती बाजूला ठेवून रुपयातले चार आणे पडद्याला, तीन प्रोसेसरला, तीन रॅमला, दोन मदरबोर्डला, दोन एसएसडीला, आणि दोन एसएमपीएस आणि कॅबिनेटला. गेमवाल्याच्या कोटेशनमध्ये सहा आणे एकट्या कार्डाला जातात आणि बाकीच्यांची ओढाताण होते.

आता ज्या ओळीकडे कुणीच पाहत नाही ती, एसएमपीएस. हा वीज वाटणारा डबा. भाव कमी करा म्हटलं की दुकानदार पहिली कात्री इथे लावतो आणि कॅबिनेटसोबत फुकट येणारा डबा बसवतो. आपल्याकडे वीज कधी मंद, कधी झटक्याने येते. हलका डबा जळतो तेव्हा कधी कधी बोर्ड आणि डिस्कही सोबत नेतो. नावाजलेल्या कंपनीचा, '८० प्लस' छाप असलेला, ५५० वॅटचा मागा. आज तेवढी वीज लागणार नाही, पण पुढे कार्ड बसवायची सोय म्हणाले ती हीच. लुकलुकणाऱ्या रंगीत दिव्यांचे पैसे वाचवून इथे घाला.

यूपीएसवर लिहिलेला ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅट. बिनकार्डाच्या यंत्राला तो चालतो. मोठं कार्ड असेल तर खेळताना यंत्र तीनशे-चारशे वॅट ओढतं, मग १००० व्हीएचा लागतो. आणि यूपीएस हा काम सेव्ह करून यंत्र नीट बंद करण्यापुरता असतो, त्यावर रात्रभर अल्बम करायचा नसतो. घरात अर्थिंग आहे का हे वायरमनकडून आधीच तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर चालवून घेऊ नका. यंत्र जमिनीवर ठेवू नका, पाटावर किंवा टेबलावर ठेवा आणि मागची भोकं जाळीने झाका. उबेला पाली आणि झुरळं हमखास येतात.

खरेदी तालुक्याला करा की मुंबईला लॅमिंग्टन रोडवर, तिसरा भाव काढल्याशिवाय नक्की करू नका. 'बिल नको असेल तर १८ टक्के जीएसटी वाचेल' असं कुणी म्हटलं तर पुढच्या दुकानात जा. बिलाशिवाय वॉरंटी मिळवताना नाकी नऊ येतात, आणि खोकाबंद प्रोसेसरची वॉरंटी तीन वर्षांची असते. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, त्यालाही कोटेशन आणि बिल लागतं. बिल जिच्या नावावर कर्ज आहे तिच्याच नावावर करा, मुलाच्या नाही. वाटणीच्या वेळी हा कागद उपयोगी पडतो. चोरून टाकलेलं फोटोशॉप दुकानदार 'फुकट देतो' म्हणेल, ते नाकारा. त्यातून शिरलेला व्हायरस सगळे फोटो कुलूपबंद करून पैसे मागू शकतो. गिंप आणि डार्कटेबल ही सॉफ्टवेअर खरोखर मोफत आहेत, त्यांवर सुरुवात होते.

यंत्र तयार झालं की पैसे देण्याआधी दुकानातच चालू करायला सांगा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'वर गेलं की प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती, डिस्क कोणती हे सगळं दिसतं. कोटेशन शेजारी धरून एकेक ओळ वाचा, शेवटच्या अक्षरासकट. सगळे खोके मागून घ्या. जुळलं तर उरलेले पैसे द्या, नाही जुळलं तर तिथेच बसून राहा.