पूर विमा, अमेरिकेतील
पुराने घर व चीजवस्तू यांच्या होणाऱ्या हानीची भरपाई करणारा विमाप्रकार. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सर्वसाधारण गृहविम्यात पूरहानीचा सहसा अंतर्भाव नसतो. १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर खाजगी कंपन्यांनी या व्यवसायातून बहुतांशी अंग काढून घेतले. पुढे १९६८ च्या अधिनियमान्वये संघशासनाने राष्ट्रीय पूर विमा योजना स्थापन केली. काउंटीने वा गावाने पूरमैदानातील बांधकामावर नियंत्रण स्वीकारले, तरच तेथील रहिवाशांस हा विमा मिळतो.

जोखमीचे माप म्हणून रूढ झालेली ‘शतवार्षिक पूर’ ही संज्ञा फसवी आहे. शंभर वर्षांतून एकदाच येणारा पूर, असा तिचा अर्थ नव्हे. कोणत्याही एका वर्षी तो येण्याची संभाव्यता १ टक्का असते व तीस वर्षांच्या गहाणकर्जाच्या मुदतीत ती सु. २६ टक्के होते. ग्रामीण काउंटींच्या अनेक नकाशांवर पूरक्षेत्र केवळ स्थूलमानाने आखलेले असून पाणी किती उंचीपर्यंत चढेल, हे दिलेले नसते. आखलेल्या रेषेबाहेरही ओढे फुगतात. तेथे मात्र कर्जदारावर विम्याची कायदेशीर सक्ती नसते. विमापत्र सामान्यतः ३० दिवसांनी अंमलात येते, त्यामुळे आभाळ भरून आल्यावर केलेली धावपळ व्यर्थ ठरते. एका कुटुंबाच्या घरास २,५०,००० डॉलर व आतील वस्तूंस १,००,००० डॉलर ही भरपाईची कमाल मर्यादा होय. उभ्या पिकांसाठी वेगळा पीक विमा घ्यावा लागतो.