विश्लेषण : जुलाब थांबले, तरी पोट रुळावर का येत नाही?

पावसाळ्यात हगवण लागते, एक-दोन सलाइन लागतात, चार दिवसांत माणूस उठून बसतो. पण महिना उलटला तरी जेवताच पोटात कळ येते, गॅस धरतो आणि तातडीने शौचाला जावे लागते. नरखेड तालुक्यात ऑक्टोबरनंतर अंबिया बहाराच्या संत्र्याची तोडणी सुरू होते. दिवसभर बागेत राबणाऱ्यासाठी हा त्रास किरकोळ नसतो. जवळ शौचालय नसेल, तर तो सकाळी उपाशीपोटी निघतो किंवा त्या दिवसाची मजुरी सोडतो. मग ‘जंतू राहिले असतील’ म्हणून मेडिकलमधून पुन्हा तीच गोळ्यांची पट्टी आणली जाते. बहुतेक वेळा चूक इथेच होते.

जंतू गेले, मग त्रास कसला?

जुलाबात आतड्याचे आतले अस्तर खरवडल्यासारखे होते. त्याच्या पेशी तीन ते पाच दिवसांत नव्याने तयार होतात, पण सगळे काही इतक्या लवकर पूर्ववत होत नाही. दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर काही आठवडे कमी पडू शकते. त्यामुळे आधी पचणारा चहा-दूध आता फुगारा आणतो. हा प्रकार सहसा आपोआप सुटतो.

दुसरा प्रकार चिवट असतो. संसर्ग संपल्यावरही आतड्यात सौम्य दाह राहतो, तिथल्या नसा हळव्या होतात आणि उपयोगी जिवाणूंची घडी विस्कटते. नेहमीचे जेवण पुढे सरकतानाही मग दुखते. डॉक्टर याला संसर्गानंतरचा ‘आयबीएस’ म्हणतात. रिपोर्ट बहुधा नॉर्मल येतात, म्हणून घरचे ‘मनाचे खेळ’ म्हणून मोकळे होतात. त्रास मात्र खरा असतो.

किती जणांना होते?

निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब सांगतो, की संसर्गाने जुलाब झालेल्या सुमारे दहापैकी एकाला वर्षभरानंतरही असा त्रास असतो. महिलांत, तसेच जुलाब जास्त दिवस चालले असतील तर तो अधिक दिसतो. गिआर्डियासारख्या परजीवींनंतर प्रमाण आणखी वाढते.

याचा सर्वांत गाजलेला दाखला कॅनडातला असला, तरी गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही गावाची वाटावी. मे २००० मध्ये ऑन्टारिओतील वॉकरटन गावी जोरदार पावसात शेतातले शेणखत वाहून सार्वजनिक विहिरीत उतरले. क्लोरीन देण्यात हयगय झाली होती. सुमारे २३०० लोक आजारी पडले, ७ जण दगावले. संशोधकांनी गावकऱ्यांची पुढे आठ वर्षे नोंद ठेवली. पाण्याची बाधा झालेल्यांपैकी २८ टक्क्यांना दोन-तीन वर्षांनंतर आयबीएस होता. आठ वर्षांनी हे प्रमाण १५ टक्क्यांवर आले. म्हणजे निम्म्या लोकांचे पोट सावरले, पण वेळ लागला. विहिरीत वेळेवर पडणाऱ्या टीसीएल पावडरीची किंमत यावरून समजावी.

तीच गोळी पुन्हा का नको?

जंतू उरलेलेच नसतील, तर अँटिबायोटिक मारणार कुणाला? ते उपयोगी जिवाणूंवरच पडते आणि सावरणारे पोट पुन्हा बिघडू शकते. गिआर्डियाची शंका असेल तर शौचाची तपासणी करून त्याचे नेमके औषध घ्यावे. जुलाब बांधणारी गोळीही ताप किंवा शौचातून रक्त असताना स्वतःच्या मनाने घेऊ नये.

ताटात काय बदलावे?

काही आठवडे दूध कमी करावे. दही-ताक बऱ्याच जणांना सोसते. चण्याची तर्री, झुणका, कच्चा कांदा यांनी गॅस वाढतो; भात, ज्वारीची भाकर, मुगाचे वरण बरे. संत्रा उत्पादकांच्या घरात हमखास निघणारा प्रश्न : संत्रे चालेल का? एखादे फळ सोलून खाल्ले तर बहुतेकांना चालते. पण चार-पाच फळांचा ग्लासभर रस एकदम घेतला, तर त्यातली साखर आतड्यात पाणी ओढते. इसबगोल थोड्या प्रमाणात सुरू करून पाहायला हरकत नाही. मात्र महिनोन्महिने फक्त मऊ भातावर राहू नये, अशक्तपणाच वाढतो.

लहान मुलांचा हिशेब वेगळा आहे. जुलाब १४ दिवसांवर गेले, तर घरी थांबू नये. ओआरएस आणि अंगावरचे दूध सुरू ठेवावे. जुलाब लागताच १० ते १४ दिवस झिंक द्यायचे असते : सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १०. आशा सेविकेकडे दोन्ही विचारावे.

तपासणी कधी टाळू नये?

वजन उतरणे, शौचातून रक्त, संध्याकाळचा ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त कमी होणे, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास ही आयबीएसची लक्षणे नव्हेत. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग आजही आढळतो आणि तो असाच हळूहळू दबा धरून येतो. अशा वेळी ग्रामीण रुग्णालयात रक्त-शौच तपासणी करून घ्यावी आणि गरज पडल्यास नागपूरला पाठवण्याची चिठ्ठी मागावी.

एक खूण पोटाबाहेरचीही आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बॅरे सिंड्रोमची साथ आली. अनेक रुग्णांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. तो क्वचितच होतो. पण जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत पायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढणे जड झाले किंवा गिळताना त्रास झाला, तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.